पिकअपचा भास

बॉनेट उघडलं की बघणारा आधी लाल शंकूच्या आकाराचा फिल्टर बघायचा, मग चकचकीत ॲल्युमिनियमचा पाईप, आणि शेवटी माझ्याकडे. त्या तिसऱ्या नजरेसाठीच मी हवेच्या या नव्या इनटेकचे पैसे मोजले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र मी सगळ्यांना शास्त्र ऐकवायचो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल इंजेक्टर हवं तेवढं देईल, अडतं ते हवेवर. तेव्हा हवेची वाट मोकळी केली की ताकद वाढणारच!

शास्त्र बरोबर होतं. फक्त वाट अडलेली आहे, हे मी न तपासताच धरून चाललो होतो. दीड लिटरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर सुमारे साडेचार हजार लिटर हवा ओढतं, आणि कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तेवढी हवा सहज सोडतो. शिवाय सहा हजार फेऱ्यांवर मी गाडी नेतो कधी? सिंहगड रोडच्या गर्दीत पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असतो. त्या वेळी हवा अडवते ती थ्रॉटलची अर्धवट मिटलेली झडप. तिच्या आधी कितीही भारी फिल्टर लावा, फरक शून्य.

याहून मोठा गाढवपणा पुढे आहे. मूळ फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा मला बोजड वाटायचा. पण त्याचं नाक पुढच्या जाळीमागे होतं, तिथून बाहेरची थंड हवा यायची. बाजूची पोकळ कुपी हवेचा घरघराट दाबायची. मी हे सगळं काढून उघडा शंकू बसवला, तोही रेडिएटरच्या मागे. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. हवा वीस अंशांनी जास्त गरम असेल तर ती सहा-एक टक्के विरळ होते. म्हणजे ताकद वाढवायला खर्च केला आणि विरळ हवा विकत घेतली.

तरी मला पिकअप वाढल्यासारखा वाटत होता. कारण आवाज. कुपी गेल्यामुळे पाय दाबताच इंजिन असं गुरगुरायचं की पाठ सीटला टेकल्याचा भास व्हायचा. बसवण्याआधी वेळ मोजली नव्हतीच, त्यामुळे तुलना करायची कशाशी? भाच्याकडे याच मॉडेलची, काही न बदललेली गाडी होती. पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीपर्यंत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळवल्या. तो काच खाली करून म्हणाला, "मामा, ओरडतेय तुझी, धावतेय माझी."

तिथे थांबायला हवं होतं. पण पैसे गेले होते, म्हणून मी दोष फिल्टरच्या मळाला दिला. धुतला आणि त्याच्या सुती जाळीवर बाटलीतलं तेल सढळ हाताने ओतलं. जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या बारीक तारेवर जाऊन बसलं. इंजिन चेकचा दिवा लागला, आणि सिग्नलला गाडी अडखळायला लागली.

टर्बो गाडी असेल, ट्यूनिंग बदललं असेल, शर्यतीत सतत पूर्ण थ्रॉटलवर पळवायची असेल, तर इनटेकचा उपयोग होतो; ते नाकारत नाही. पण साध्या गाडीत तुंबलेला फिल्टरसुद्धा आपण समजतो तेवढा घात करत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले, तर ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहिलं. घटला तो पूर्ण थ्रॉटलवरचा पिकअप. तो परत मिळवायला काही शे रुपयांचा नवा कागदी फिल्टर पुरतो.

मूळ डबा मी गॅरेजमध्येच टाकून आलो होतो. तो नव्याने विकत घेतला, सेन्सर साफ करून घेतला आणि लाल शंकू विकायला काढला. घ्यायला आलेल्या मुलाने विचारलं, "पॉवर वाढते ना?" म्हटलं, "आवाज वाढतो." त्याने घासाघीस न करता पैसे दिले.