दामाजीची पावती आणि तुरीचा भाव

मराठी माणसाला बेदर पहिल्यांदा भेटतं ते दामाजीपंतांच्या कथेत. गोव्यातल्या देवळांतून कीर्तनं ऐकत जे वाढले त्यांना ही कथा नव्याने सांगायला नको, तरी थोडक्यात सांगतो. मंगळवेढ्याला बहामनी बादशहाची धान्याची कोठारं दामाजीपंतांच्या ताब्यात होती. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली आणि पंतांनी हुकमाची वाट न बघता कोठारं उघडून दिली. बेदरहून बोलावणं आलं. पंत वाटेत असतानाच पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात हजर झाला, सगळ्या धान्याची किंमत त्याने मोजून दिली आणि पावती घेऊन गेला. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'मुळे ही कथा घरोघर पोचली.

लहानपणी मला त्यातल्या चमत्काराचं कौतुक वाटायचं. आता वाणसामानाची यादी माझ्या हातात असते, त्यामुळे पावतीचं कौतुक जास्त वाटतं. देवाने बादशहाला 'जाऊ दे, माफ कर' असं म्हटलं नाही. धान्य लोकांना फुकट मिळालं, पण त्याची किंमत कोणीतरी भरलीच.

गोव्याचं आणि बिदरचं नातं तसं जुनं. १४७२ मध्ये महमूद गवानने गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला, आणि त्याच गवानने बांधलेल्या मदरशाची भव्य वास्तू आजही बिदर शहरात उभी आहे. पण आज आपल्याला त्या मुलखाशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी दोन. एक गाणगापूर आणि दुसरी तुरीची डाळ.

दत्तजयंतीच्या सुमारास गाणगापूरला गेलात तर गाडीच्या खिडकीतून बघा. काळ्या जमिनीत दूरवर तूर उभी असते. कलबुर्गी जिल्ह्याला कर्नाटकातलं तुरीचं कोठार म्हणतात. 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाने तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गाणगापुरात भक्त पाच घरी मधुकरी मागतो. त्या झोळीत पडणारी भाकरी आणि आमटी याच मातीतली असते. आपल्या घरचं वरण, तोय आणि चतुर्थीचं खतखतं यांच्यातली डाळ कुठून आली हे मात्र आपण पसरकाराला कधी विचारत नाही. आपण विचारतो तो फक्त भाव.

तो भाव कसा हलतो बघा. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. आमच्या घरी महिन्याला तीन किलो डाळ लागते, म्हणजे नुसत्या डाळीचे ६०० रुपये! आपण म्हारगाय म्हारगाय म्हणून ओरडलो आणि शेतकऱ्यांनी तूर पेरली. २०१५-१६ मध्ये देशात सुमारे २५ लाख टन तूर पिकली होती, ती २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांवर गेली. शिवाय २०१६ च्या जुलैत सरकारने मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला होता. सगळा माल एकदम बाजारात आला. त्या वर्षीचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारातला भाव त्याच्याही खाली गेला. आपल्याला डाळ सवाय झाली. ती सवाय डाळ कोणाच्या पदरात काय टाकून आली, हे आपण पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोनशेच्या वर्षी शेतकऱ्याने कमावलंच असेल की! पण डाळ महाग होते तेव्हा पीक बुडालेलं असतं, त्याच्याकडे विकायला काही नसतं. पीक उदंड येतं तेव्हा भाव नसतो. त्यातून तूर तो जानेवारीत विकतो, कारण देणी उभी असतात, आणि श्रावणात तोच गिऱ्हाईक होऊन दुकानात डाळ घेतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचं वर्ष असंच जातं. पिकवणारा आणि महागाईने पिचणारा हे तिथे एकाच घरात राहतात.

म्हणून स्वस्त दुकानांकडे वळावं, तर तिथेही भाव चढतातच. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये 'भारत डाळ' या नावाने चणाडाळ ६० रुपयांना विकायला काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच ७० झाली. 'भारत' तांदूळ २९ वरून ३४ वर गेला, पीठ साडेसत्तावीसवरून ३० वर. कर्नाटकात अन्नभाग्य योजनेत जुलै २०२३ पासून जादा पाच किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यावर येऊ लागले. बाजार चढला तरी १७० चे १७०च राहिले. शेवटी फेब्रुवारी २०२५ पासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ देण्याचं ठरलं. पाच किलो तांदूळ पुढच्या वर्षीही पाच किलोच भरतो, १७० रुपयांचं तसं नसतं.

रेशन दुकानाला आपण मराठीत दोन नावं दिली आहेत, 'स्वस्त धान्य दुकान' आणि 'रास्त भाव दुकान'. बिदर-कलबुर्गीकडे कन्नडमध्ये त्याला 'न्यायबेले अंगडी' म्हणतात, म्हणजे न्याय्य किमतीचं दुकान. स्वस्त आणि रास्त हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. एक साधा हिशेब करून बघा. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये ठरला. एक क्विंटल तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ होते. म्हणजे गिरणी, भाडं, दुकानदार यांचं काही न धरताच डाळ किलोला ११० रुपयांच्या आसपास पडते. तेव्हा एखाद्या झगझगीत दुकानात नव्या हंगामाची डाळ ९० रुपयांना दिसली, तर वरचे पैसे कोणीतरी भरले आहेत असं समजावं. सरकारी तिजोरीने भरले असतील तर ते दामाजीचं कोठार झालं, त्याला पावती आहे. शेतकऱ्याने भरले असतील तर त्याची पावती कोणीच फाडत नाही.

गरिबाला डाळ परवडली पाहिजे यात वाद नाहीच. महिन्याचं गणित मांडताना मलाही दहा रुपयांचा फरक कळतो. पण परवडण्यासाठी लागणारे वरचे पैसे दरबाराने मोजावेत, आळंदच्या रानातल्या माणसाने नव्हे. पंतांनी कोठार उघडलं तेव्हा त्यातलं धान्यही कुणीतरी पिकवलेलंच होतं. त्याचं नाव कथेत आलं नाही, निदान आपल्या हिशेबात तरी यावं.