आत्मा एक, बाकं वेगळी

मंडळीत रंगाचा, वंशाचा, जातीचा विषय निघाला की तो लवकर मिटावा असं मला वाटे. उपासनेला आपण आत्म्यासाठी येतो. शरीर मातीचं, ते मातीतच जायचं. मग कोणाची कातडी कशी, कोण कोणाशेजारी बसलं, याची चर्चा व्यासपीठावरून कशाला? ख्रिस्तात आपण सगळे एक आहोतच. लोकांना वेगळेपणाची आठवण करून देणारा पाळक फूट पाडतो, असं माझं ठाम मत होतं. महिलामंडळात मी ते बोलूनही दाखवत असे. आज मी त्या मताची राहिले नाही. ते बदललं दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या इतिहासामुळे.

वर्णभेदाला शास्त्राधार पुरवणारी ही मंडळी. वाचायला घेताना मला वाटलं होतं, क्रूर आणि देवाला न भिणारी माणसं भेटतील. भेटली ती रोज प्रार्थना करणारी, मिशनकार्यासाठी पैसे देणारी, पवित्र शास्त्र मुखोद्गत असलेली माणसं. माझ्या ओळखीचीच वाटावीत अशी.

१८२९ साली केप वसाहतीत प्रश्न आला, की गोरे आणि इतर यांनी प्रभुभोजन एकत्र घ्यावं का. सिनॉडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, स्वच्छ उत्तर दिलं: रंग किंवा मूळ न बघता सर्वांनी एकाच वेळी घ्यावं. पण काही गोऱ्या सभासदांना ते सोसवेना. काळ्या माणसाचे ओठ लागलेला प्याला आपल्या ओठांना लावायचा? कुरबूर वाढत गेली आणि १८५७ साली सिनॉडने नवा ठराव केला. तो ठराव मला फार अस्वस्थ करतो. त्याच्या पहिल्या भागात म्हटलंय, की नव्याने विश्वासात आलेल्यांना आहे त्याच मंडळ्यांत सामावून घेणं इष्ट आणि शास्त्रसंमत आहे. म्हणजे देवाची इच्छा काय, हे त्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या भागात म्हटलंय, की ‘काहींच्या दुर्बळते’मुळे अडथळा येत असेल, तर नव्याने आलेल्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बळता गोऱ्यांची, आणि बाहेर जायचं काळ्यांनी. त्या सवलतीची पुढे रीत झाली. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी स्वतंत्र चर्च निघालं, मग कृष्णवर्णीयांसाठी आणि १९६८ साली भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठीही. आपल्याच देशातून तिथल्या नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं त्या चौथ्या दारातून आत जात.

या सगळ्याचं समर्थन काय होतं? खरी एकता आत्मिक असते, ती डोळ्यांना दिसायलाच हवी असं नाही. देवासमोर सगळे समान आहेत. पृथ्वीवर वेगवेगळे बसले म्हणून काय बिघडलं? १९७४ साली या चर्चने मोठा अहवाल काढला, त्यात बाबेलच्या बुरुजाच्या कथेतून राष्ट्रं वेगळी राहावीत असा अर्थ काढला आहे. बाबेलचा युक्तिवाद मी कधीच मानला नसता. पण त्याच्या तळाशी असलेलं वाक्य माझं होतं. आत्म्याने एक असलो की पुरे, हे मी इतकी वर्षं म्हणत आले होते, आणि तेच वाक्य एका मोठ्या अन्यायाला आधार झालेलं मला दिसलं.

ज्या शरीराला धर्म गौण म्हणतो, ते सरकारच्या हाती आयतं सापडतं. मिश्र विवाहांवर बंदी घाला, अशी मागणी या चर्चने सरकारकडे लावून धरली होती. १९४९ साली तसा कायदा झाला. १९५०च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाची वंशवार नोंद सुरू झाली. शंका आली तर अधिकारी केसांत पेन्सिल खोचून बघत. ती खाली पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. त्यावर त्याचं घर, शाळा, नोकरी, लग्न, दफनाची जागा, सगळं ठरायचं. वर्णभेदाविरुद्ध लढणारा कृष्णवर्णीय नेता स्टीव्ह बिको, त्याला १९७७च्या सप्टेंबरात पोलिसांनी मारहाण करून, मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत, उघड्या अंगाने गाडीत घालून हजाराहून अधिक किलोमीटर प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला तो गेला. तीस वर्षांचा होता. मिशनऱ्यांनी शिकवलेला ख्रिस्त आपल्या लोकांना फक्त सोसायला शिकवतो, अशी त्याची तक्रार होती. त्याचं मरण वाचल्यावर मला ती खोडून काढता येईना.

मग मी माझ्याच विश्वासाकडे नव्याने पाहिलं. आम्ही म्हणतो, देवाने देह घेतला. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, भुकेल्यांना भाकर दिली. पुनरुत्थानानंतरही थोमाला जखमा दाखवल्या. त्या पुसून टाकल्या नव्हत्या. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडतं, भाकर दातांनी चावली जाते. शरीर वगळलं तर आमच्या विश्वासात उरतं काय? हे सगळं लहानपणापासून ऐकत असूनही मी शरीराला माती म्हणत राहिले.

१९८२ साली ओटावात जगभरातल्या रिफॉर्म्ड मंडळ्या जमल्या. तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींनी गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला: घरी आम्हाला जे मेज बंद आहे, त्याला परदेशात एकत्र बसून एकतेचा देखावा आम्ही करणार नाही. पूर्वीच्या मला हा उद्धटपणा वाटला असता. आज मला त्यात प्रभुभोजनाविषयीचा खरा आदर दिसतो. त्या सभेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवलं. त्याच वर्षी मिश्रवंशीयांच्या चर्चने ‘बेल्हार’ नावाच्या विश्वासघोषणेचा मसुदा केला आणि १९८६ साली ती स्वीकारली.

बेल्हारमधल्या एका मुद्द्याशी मी बराच काळ झगडले: देव विशेष करून गरिबांचा आणि अन्याय सोसणाऱ्यांचा आहे. देव सगळ्यांचा ना? मग विशेष कसला? मला भीती होती, की यातून शत्रूचं शरीर तुडवायची मुभा मिळेल. त्याचं उत्तर मला बिशप डेस्मंड टूटूंकडून मिळालं. १९८५च्या जुलैत दुदुझा वस्तीत एका दफनविधीनंतर संतापलेल्या जमावाने पोलिसांचा खबऱ्या समजून एका माणसाला जिवंत जाळायचं ठरवलं. टूटू गर्दीत शिरले आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. बिकोच्या दफनविधीत उपदेश करणारे हेच टूटू. पिचलेल्यांची बाजू घेणाऱ्या माणसाने त्यांच्याच रागापासून एक शरीर वाचवलं. त्या दिवसापुरतं तरी माझं भय निराधार ठरलं.

१९९४ साली मिश्रवंशीयांचं चर्च आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चचा मोठा भाग एक झाला. गोऱ्यांचं चर्च अजून त्यात आलेलं नाही; बेल्हार आपल्या घटनेत घ्यायला लागणारी मतं त्यांना जमवता आली नाहीत. वर्णभेद पाप होता, हे मात्र त्यांनी केव्हाच कबूल केलं आहे. कबुली आणि एकत्र बसणं यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

इथे आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना एकच आहे, याचं मला समाधान असे. पण सोयरीक जुळवताना चार पिढ्यांपूर्वीच्या बाप्तिस्म्याआधीची जात हळूच विचारली जाते, आणि तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांच्या कबरी वेगळ्या ठेवणाऱ्या दफनभूमी आहेत. लग्न आणि दफन, दोन्ही शरीराचेच प्रश्न. सोयरिकीचा विषय उपदेशात घ्या, असं मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं आहे. लोक दुखावतील, वर्गणी थांबेल, अशी त्यांना काळजी वाटते. ती काळजी खोटी नाही, पण १८५७ साली केपच्या सिनॉडनेही लोक दुखावतील म्हणूनच माघार घेतली होती, हे मी त्यांच्यासमोर मांडलं आहे आणि मागणी सोडलेली नाही.