लाल गाडीचं तेलपाणी

मैत्रिणींनो, फोडणीला शेंगदाण्याचं तेल बरं की करडईचं, यावर आपण तासभर बोलू शकतो. पण दारातल्या गाडीच्या पोटात कोणतं तेल पडतं, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? मलाही नव्हतं. ते अज्ञान मला भूमकर चौकात, भर गर्दीत भोवलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही मारुंजीला राहतो. मुलगा परदेशी जाताना त्याची लाल पोलो जीटी माझ्या स्वाधीन करून गेला. गाडी दिसायला छोटीशी, पण अंगात रग स्पोर्ट्स कारची. इंजिन अवघं १.२ लिटरचं, तरी टर्बोच्या जोरावर १०५ पीएस ताकद देणारं. ही गाडी आपल्या चाकणला तयार व्हायची. जीटी टीएसआय २०१३ साली आली आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच इथं थांबलं. रस्त्यावर मात्र अजून पुष्कळ दिसतात. मामंजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चिंचवडला न्यायचं, हे काम तिचं आणि माझं.

सर्व्हिसिंगसाठी मी ती जवळच्याच एका गॅरेजात दिली. "मॅडम, आपल्याकडं उन्हाळा कडक, जाड तेल टाकतो. प्लगही बदलतो," असं तिथला माणूस म्हणाला. मला काय विचारावं तेच सुचेना. घरी हे म्हणाले, "अगं, तेल ते तेलच!" मी पावती न वाचता सही केली.

तीन आठवड्यांनी मामंजींना घेऊन निघाले होते. चौकात गाडी थरथरायला लागली आणि समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागून हॉर्नचा गलका. मामंजी म्हणाले, "सूनबाई, राहू दे. आज नाही गेलो तर काय बिघडतंय?" काय बिघडतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एक वेळ चुकली की अंगावर पाणी चढतं, धाप लागते. शेवटी एका रिक्षावाल्यानं त्यांना धरून बसवलं आणि आम्ही कसेबसे वेळेत पोचलो.

दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या एका वयस्कर मेकॅनिकनं चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन फिकट तपकिरी होते, चौथा काळाकुट्ट आणि त्याचं पांढरं चिनी मातीचं आवरण तडकलेलं. "वहिनी, हे प्लग या इंजिनाचे नव्हेतच. आणि तेल घातलंय २०डब्ल्यू-५०," ते म्हणाले. दोष गाडीचा नव्हता. न वाचता सही करणारी मीही त्यात आलेच. त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते सांगते.

आधी तेल. डब्यावर ५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंड इंजिनात लवकर धावतं. नंतरचा आकडा तेल तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो. जुन्या फियाटला जाड तेल चालून जायचं. टर्बोचं तसं नाही. त्याची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तिथं तेल उशिरा पोचलं की झीज सुरू. म्हणून नुसता दाटपणा पाहू नका, गाडीबरोबरच्या पुस्तिकेतला तेलाचा दर्जाही पाहा. माझ्या गाडीला व्हीडब्ल्यू ५०२ ०० लागतं. तो क्रमांक डब्यावर छापलेला हवा. तेल साडेतीन-चार लिटरच्या आसपास बसतं. उरलंय म्हणून जास्त ओतायचं नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी पट्टी पुसून बुडवा. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे.

आता फिल्टर. तेलाचा फिल्टर म्हणजे इंजिनाची गाळणी. नव्या तेलाबरोबर तोही नवाच घ्या. चहा ताजा आणि गाळणी कालची, असं आपण करत नाही. हवेच्या फिल्टरकडं आमच्यासारख्यांनी जास्त लक्ष द्यावं. मारुंजीत जिकडं तिकडं बांधकामं, डंपरची ये-जा, धुळीचे लोट. पुस्तिकेत लिहिलेले किलोमीटर भरायच्या आधीच आमचा फिल्टर मातकट होतो. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. गाडी स्पोर्टी म्हणून दुकानदार उघडा, मोठा आवाज करणारा फिल्टर पुढं करतात. धुळीच्या रस्त्यावर मूळचा बंद डब्यातला कागदी फिल्टरच बरा. हिंजवडीच्या गर्दीत किलोमीटर थोडे होतात, पण इंजिन तासन्‌तास चालतं. म्हणून तेलही मी किलोमीटरची वाट न पाहता लवकर बदलते.

राहिले प्लग. पूर्वी प्लग म्हटलं की मायको, एवढंच आपल्याला माहीत. ती कंपनी २००८ पासून बॉश नावानं ओळखली जाते. प्लगवरचा आकडा तो उष्णता किती झटपट बाहेर टाकतो ते सांगतो. टर्बोच्या तापट इंजिनाला झटपट निवणारा, म्हणजे 'थंड' प्लग लागतो. गंमत पाहा, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग जास्त थंड, बॉशमध्ये नेमकं उलट! तेव्हा मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं समजू नका. पुस्तिकेतला क्रमांक जुळवा. ठिणगीची फटही ठरलेली असते. टर्बोत दाब जास्त, म्हणून ती कमी ठेवतात. जुने प्लग परत मागून घ्या. फिकट तपकिरी असले तर ठीक. कोरडी काजळी असली तर पेट्रोल नीट जळत नाही, तेलकट ओले असले तर इंजिन तेल खातंय, पांढरेफटक असले तर ते फार तापतंय. आणि तो पिवळा दिवा लुकलुकला तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढं जाऊन धुराड्याच्या वाटेवरचं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

खरेदी नाना पेठेत करा नाहीतर पिंपरीत, पण छापील पावती घ्या. डब्याचं सील आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात कुणी नकली तेल भरून विकणार नाही. जुनं काळं तेल नाल्यात ओतू देऊ नका.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी आता गाडीसाठी चार पानं राखलीत: तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, फिल्टर, प्लगचा क्रमांक. गॅरेजात वही उघडली की "साहेबांना पाठवा" असं कुणी म्हणत नाही. ह्यांनीही परवा त्यांच्या स्कूटरचं पान मागितलं.

आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळी मामंजी काठी टेकत अंगणात येतात, मी पट्टी पुसून त्यांच्यासमोर धरते. डोळे बारीक करून ते दोन खुणांच्या मध्ये पाहतात आणि म्हणतात, "ठीक आहे सूनबाई, निघूया."