जव्हारचा पार्टनर

तारापूरचा किल्ला माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे हॉस्टेलवर इतिहास निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. चिमाजी अप्पांची मोहीम, जानेवारी 1739, सुरुंग, तटाला पडलेलं खिंडार, बाजी भिवराव धारातीर्थी पडले... मेसमध्ये ताट वाळेपर्यंत माझं चालू!

माझा रूम पार्टनर जव्हारचा. तो नुसता ऐकायचा. एकदा ओघात मी बोलून गेलो, "तुमचा राजा मात्र फितूर हां! सुरतेला निघालेल्या शिवाजी महाराजांना शिरपामाळावर शिरपेच देतो काय, आणि 1672 ला मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतल्यावर मोगलांच्या मुलखात पळतो काय!" सगळे खो-खो हसले. पार्टनर ताट घेऊन उठला तो आठ दिवस माझ्याशी बोललाच नाही. लाइट बंद कर हेसुद्धा तिसऱ्याकरवी.

शेवटी मीच म्हटलं, दिवाळीत तुझ्या गावी येऊ का? बोईसरहून पालघर, तिथून जव्हारची एस.टी. शिरपामाळावर त्याने काडीने मातीत नकाशा काढला. "हे डहाणू-तारापूर, इथे पोर्तुगीज. घाटावर नाशिकला मोगल. खाली कल्याणला महाराज. मधल्या जंगलात आम्ही. 1664 ला महाराज पाहुणे होते, 1672 ला त्यांना सुरतेची वाटच ताब्यात हवी होती. विक्रमशहाने जायचं कुठे, सांग."

मला सांगता आलं नाही.

"आणि चौथ तुला मराठ्यांची वाटते ना? शेजारच्या रामनगरच्या राजाला दमणचे पोर्तुगीज आधीपासून चौथ देत होते, त्याने गावं लुटू नयेत म्हणून. त्याला 'चौथिया'च म्हणायचे. रामनगर घेतल्यावर महाराजांनी तीच मागितली."

परतल्यावर लायब्ररीत बसलो (सबमिशन सोडून!). गॅझेटियर सांगतं, 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जव्हारच्या नेमशहाला राजा मानलं. सुलतान होता मुहम्मद तुघलक, म्हणजे तुर्की वंशाचा. त्या तुर्कांच्या मूळ गवताळ मुलखातही हेच राजकारण. कझाकांचा अबलाई खान 1740 ला रशियाशी निष्ठेची शपथ घेतो आणि 1757 ला चीनच्या बादशहालाही मानतो. दोन्हीकडे मुजरा, कुरणं मात्र आपली! त्याला कोणी फितूर म्हणत नाही, अल्माटीत त्याच्या नावाचा मोठा रस्ता आहे. आमच्या विक्रमशहाला मात्र मेसमध्ये मी निकालात काढलं. त्याच्या घराण्याचं राज्य पुढे 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

आता आम्ही बोलतो. पण त्या शब्दाबद्दल मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. तोंडाने जमत नाही. हा अंक हातात आला की त्याच्या टेबलावर हे पान उघडून ठेवणार आहे.