आधी नंबर, मग रंग

इटलीच्या जुन्या रेसिंग सायकली पारखणारे लोक फ्रेमवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचतात. स्टिकर काय, आजही छापून मिळतात. ते सायकल उलटी करतात आणि पॅडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिची रुंदी मोजतात. 70 मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे, तर इटालियन पद्धत. 68 मिलिमीटर आणि एका बाजूचे आटे उलटे, तर इंग्लिश. 1970 च्या दशकातल्या काम्पान्योलो गिअरवर पेटंट या शब्दाशेजारी सालाचे दोन आकडे असतात. पण ते वय गिअरचं. फ्रेम त्याहून जुनी असू शकते.

हे सगळं मी वाचलं ते आमच्या स्कूटरमुळे.

आमच्याकडे चेतक होती. तीही इटालियन घराण्यातलीच. पियाज्जिओची व्हेस्पा 1946 ची, विमानं आणि हेलिकॉप्टरं घडवणाऱ्या कोरादिनो दास्कानिओची. तिला सायकलीसारखी नळ्यांची फ्रेम नाही. दाबून घडवलेला पत्राच तिची फ्रेम. बजाजने 1960 च्या सुमारास परवाना घेऊन व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. 1971 मध्ये करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बाबांनी स्कूटर विकायला काढली. बाहेरगावचा एक गिऱ्हाईक आला. म्हणाला, "व्हेस्पाचा लोगो लावू, फिकट हिरवा रंग मारू, 1965 ची म्हणून सांगू. दुप्पट देतो." परदेशात अशा सजवलेल्या भारतीय स्कूटर जुन्या इटालियन म्हणून खपल्या आहेत, हे मला माहीत होतं.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर हिशेब असा करा. चेतक आहे, म्हणजे 1972 च्या आधीची नाही. नंबर एमएच-20 चा आहे, म्हणजे नोंदणी 1989 च्या आधीची नाही. एमएच ही अक्षरंच तेव्हा आली. मग पॅनेल काढा, ठोकलेला चासी नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. आमच्या बुकात 1990 होतं. शेवटी पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे पकडत नाही, तिथे लांबी भरून रंग मारलाय.

बाबा वाळूजच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. सपाट पत्रा डायखाली जातो आणि गोल होऊन बाहेर येतो, हे त्यांनी बावीस वर्षं पाहिलं. ते गिऱ्हाइकाला एवढंच म्हणाले, "साहेब, हा पत्रा इथल्या माणसांनी दाबलाय. त्याला इटलीचा का म्हणू?"

आई आतून ऐकत होती. पैसे तिच्या गुडघ्यासाठी हवे होते, तरी ती काही बोलली नाही. फक्त चहा एकच कप पाठवला, तोही बाबांसाठी.

स्कूटर पुढच्या महिन्यात गारखेड्यातल्या एका मुलाने घेतली. निम्म्या भावात. उरलेले पैसे मामाकडून उसने आणले, ते अजून फिटतायत. बाबांनी त्या मुलाला वहीच्या पानावर लिहून दिलं: चेतक, 1990. रंग दुसऱ्यांदा मारलेला. सीट नवी. डावीकडच्या पॅनेलला लांबी भरलेली. इंजिन एकदा उघडलेलं. चासी मूळची.