कंट्रोल प्लस के

ऑफिसचा बँड म्हणजे काय? तर दर शनिवारी भाड्याच्या जॅमरूममध्ये तीन तास कोंडून घेणारी पाच माणसं. त्यात मी कीबोर्डवर. आणि 'तू काय बाबा, कॉम्प्युटरवाला' म्हणून लीड शीट्सचं खातंही माझ्याच गळ्यात!

लीड शीट म्हणजे एकपानी मामला. पाच रेघांवर गाण्याची चाल, तिच्या डोक्यावर कॉर्डची नावं. साथ कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा. जॅझवाल्यांचं प्रसिद्ध 'रिअल बुक' अशाच पानांचं. १९७०च्या दशकात बोस्टनच्या बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी ते हातानं लिहून, झेरॉक्स काढून गुपचूप विकलं. कायदेशीर आवृत्ती यायला २००४ साल उजाडलं. मी मात्र म्यूझस्कोअर वापरतो. फुकट आहे, आणि प्रिंट अशी झकास येते की आपण फार मोठे अरेंजर आहोत असं वाटायला लागतं.

तेच नडलं.

अ‍ॅन्युअल डेला एका जुन्या हिंदी गाण्यात सॅक्सोफोन हवा होता. गिटारवाल्याच्या ओळखीनं वांद्र्याचे एक अंकल मिळाले. मूळचे गोव्याचे, वय सत्तरीपार. एके काळी रेकॉर्डिंग आणि हॉटेलचे बँड दोन्ही केलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं आपण इंटरनेटवर वाचतो, अंकल त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांसारखं बोलतात. पुढे की-बोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आलं, कामं आटली. आमच्या कार्यक्रमाआधी कित्येक वर्षं ते स्टेजवर चढले नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा बो, आणि सॅक्सची पेटी मांडीवर घेऊन ते टॅक्सीतून आले, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

ऑल्टो सॅक्सची एक गंमत आहे. कागदावर 'सी' वाचून वाजवला की ऐकू येतो 'इ फ्लॅट'. म्हणून आपलं गाणं सी मेजरमध्ये असेल, तर सॅक्सच्या कागदावर ते ए मेजरमध्ये, तीन शार्प लावून लिहावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये वाद्य बदललं की हे आपोआप होतं. मीही केलं, प्रिंट काढली, अंकलच्या हातात दिली. साउंड चेकला नुसती चाल वाजवली. एकदम मक्खन!

कार्यक्रमात चाल झाली आणि अंकलचा आठ बारचा सोलो आला. सोलो वाजवायचा कॉर्ड बघून. पहिल्या बारला त्यांनी फुंकर मारली आणि माझ्या पोटात गोळा आला. आम्ही सीमध्ये, अंकल भलतीकडेच. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. दुसऱ्या बारला अंकल थांबले, कागदावरची नजर काढली, डोळे मिटले आणि उरलेले सहा बार कानावर वाजवले. टाळ्या पडल्या. पण ते हसणं त्यांनी ऐकलं होतं.

घोळ माझा होता. चाल सुरांच्या रूपात लिहिली होती, ती बदलली. कॉर्डची नावं मात्र मी कंट्रोल-टी दाबून साधा मजकूर म्हणून टाइप केली होती, कारण तो डबा मला आधी सापडला! सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसती अक्षरं. त्यांना हात कोण लावणार? कंट्रोल-के दाबून लिहिली असती तर सीचा ए झाला असता, ए मायनर सेव्हनचा एफ शार्प मायनर सेव्हन, जी सेव्हनचा ई सेव्हन. दिसायला दोन्ही सारखंच हो! एका कीचा फरक.

दुसऱ्या रविवारी मिठाईचा डबा घेऊन वांद्र्याला गेलो. सगळं सांगून टाकलं. अंकल म्हणाले, "तीन शार्पचं गाणं आणि वर जी सेव्हन? मला तिथेच डाउट आला होता. पण वाटलं, कॉम्प्युटरनं लिहिलंय, बरोबरच असणार. मीच विसरलो असेन."

मीच विसरलो असेन! त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी माझ्या उरलेल्या शीट्स मागितल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. मी सीपुढे मोठा एम आणि सात लिहून मेजर सेव्हन दाखवायचो. अंकल म्हणाले, स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यात मोठा एम आणि छोटा एम सारखेच दिसतात, आणि छोटा म्हणजे मायनर. आपल्या भाषेत सांगायचं तर, सी मेजर सेव्हन म्हणजे सा ग प नि, सगळे शुद्ध. सी मायनर सेव्हनमध्ये ग आणि नि दोन्ही कोमल. नुसतं सी सेव्हन लिहिलं तर फक्त नि कोमल. एका अक्षरापायी गाण्याचा मूड पालटतो. तेव्हा मेजर असेल तर 'एमएजे' असं स्पष्ट लिहायचं. छोटा त्रिकोणही चालतो, पण तो सगळ्यांना वाचता येतो असं नाही.

घरी येऊन चाळीसच्या चाळीस शीट्स कंट्रोल-के दाबून नव्यानं लिहिल्या. तीन रात्री गेल्या. फ्लॅटसाठी छोटा बी टाइप करायचा, तो आपोआप फ्लॅटची खूण होतो. स्पेसबार मारला की कर्सर पुढे. डेडलाइनच्या एक्सेलपेक्षा खूपच बरं काम, खरं सांगतो.

त्या गाण्याची सॅक्सची नवी प्रत घेऊन परत गेलो. अंकलनी ती खिडकीशी नेली, एकेक कॉर्ड ओठांतल्या ओठांत पुटपुटत तपासला. एक चूक सापडली. चालीची, कॉर्डची नव्हे! ती त्यांनी पेन्सिलनं गोल केली.

"आणि अक्षर मोठं कर," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी चष्मा विसरलो तर?"

पुढच्या वेळी... मी लगेच गिटारवाल्याला फोन लावला.