सुंगट

गोव्यातल्या दिवाडी बेटावर पहिल्यांदा गेले तेव्हा मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर पेन्सिलीने आकडे लिहिलेले दिसले. शुक्रवारी साडेनऊ, शनिवारी सव्वादहा, रविवारी अकरा.

"सासूबाईंच्या औषधाच्या वेळा का गं?"

"नाही. सुंगट बाहेर पडते त्या वेळा."

सुंगट तिची मांजरी. शिजलेल्या कोळंबीच्या रंगाची, पोटाशी पांढरी. कोकणीत कोळंबीला सुंगट म्हणतात. मैत्रीण पुण्याची, लग्न होऊन या बेटावर आली आणि पहिल्याच पावसाळ्यात बांधावरच्या झावळ्यांच्या ढिगात हे पिल्लू तिला सापडलं. नवऱ्याचं घर, नवी भाषा, चहूकडे मांडवी नदीचं पाणी, फेरीबोट चुकली की धक्क्यावर ताटकळणं. त्या दिवसांत ती रात्र-रात्र जागी असायची. मांजरी रोज थोड्या उशिरा दार खरवडते, हे तिला तेव्हाच कळलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या सहज म्हणाल्या, "ती ओहोटीला जाते. तिथीमागे दोन घटका."

दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. भरती-ओहोटी रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. पंचांग न बघता मांजरीला हे ठाऊक होतं!

त्याच रात्री मी सुंगटच्या मागे निघाले. चांदणं होतं. दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे नदीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली शेतं. खारं पाणी सोसणारं कोरगुट भात तिथे पिकतं. सुंगट बांधाच्या मधोमध चालत होती, मागे वळून बघतसुद्धा नव्हती.

बांधाला जिथे दार असतं, त्याला मानस म्हणतात. तिच्या झडपा कोणी उघडत-लावत नाही. भरती चढली की नदीचं पाणीच त्या लोटून बंद करतं, आणि ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. त्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलेलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा झडपा नुकत्याच हलल्या होत्या. लाकूड कुरकुरलं, मग पाण्याचा आवाज सुरू झाला. सुंगट दगडावर चारी पाय गोळा करून बसली. दोन तास बसली! जाळं वर आलं तेव्हा त्यात शेवटे होते, काळुंदरं होती, टणाटण उडणारी सुंगटं होती. मानशीवरच्या माणसाने न बोलता एक छोटं काळुंदर तिच्यापुढे टाकलं. ते खाऊन ती उठली आणि दुसरं मागितलं नाही.

पहाटे अंगणात तिच्या पावलांचे ठसे असायचे, राखाडी चिखलाचे, वाळून भेगाळलेले. मैत्रीण ते लगेच झाडत नसे.

एका पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, आणि सुंगट तीन दिवस आली नाही. मैत्रिणीने फोनवर एवढंच सांगितलं आणि गप्प राहिली. चौथ्या दिवशी मांजरी घरी आली ती हाडांची मोळी होऊन, मिशांवर मीठ वाळलेलं. त्यानंतर बांध बुजवायला गावाबरोबर मैत्रीणही गेली, डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन. तोवर ती बांधाला 'त्यांचा बांध' म्हणायची.

माझ्या शेवटच्या खेपेला सुंगट तेरा वर्षांची होती. एक डोळा पांढरा झालेला, मागचे पाय आखडलेले. मानशीवर जाणं सुटलं होतं. रात्री आम्ही गप्पा मारत होतो, ती माझ्या मांडीवर झोपलेली. सव्वादहाला तिने मान उचलली. खाली उतरली, दाराशी गेली. मैत्रिणीने उठून कडी काढली. सुंगट उंबऱ्यावर बसली, बांधाच्या दिशेला कान लावून. आम्हाला नुसते बेडूक ऐकू येत होते.

सुंगट त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेली. परवा मैत्रिणीकडून नवीन कॅलेंडराचा फोटो आला. चौकोनात पेन्सिलीचे आकडे आहेत.

"आता कोणाच्या वेळा?" मी विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली. "मी जाते."